किलवरची दुर्री

१

सेज वेल्सच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात दुपारचा पत्त्यांचा डाव रंगात आला होता. पोस्टातून निवृत्त झालेल्या मिसेस ब्लँचर्डनी हातातली किलवरची दुर्री टेबलावर टाकली आणि डाव तिथेच थांबला. एरवी दुर्रीकडे कोण बघतं? पण ही दुर्री पत्त्यांच्या त्या कॅटमध्ये असायलाच नको होती. ती कोर्टाच्या व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटात टाचणीने लावलेली होती, आणि येता-जाता अख्ख्या गावाने ती पाहिली होती.

कारण त्या दुर्रीनेच निवडणुकीचा निकाल लागला होता.

झालं होतं असं. नोव्हेंबरात काउंटी कमिशनच्या, म्हणजे जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या, तिसऱ्या जागेसाठी मतदान झालं. सध्याचा कमिशनर, गुरांच्या रँचवाला वेड टॉलिव्हर एका बाजूला, आणि शाळेची बस चालवणारी नेडीन अ‍ॅस्क्यू दुसऱ्या बाजूला. मतं समसमान पडली. पुन्हा मोजली, तरी समसमान. असं झालं की नेवाडात चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, आणि नेवाडात चिठ्ठ्या म्हणजे पत्ते. दोघांनी एकेक पान ओढायचं; ज्याचं मोठं, त्याची खुर्ची.

खुर्ची साधी नव्हती. खोऱ्याच्या पोटातलं पाणी उपसून दूरच्या शहराला पाइपाने न्यायची परवानगी एका कंपनीने मागितली होती. उरलेल्या दोन कमिशनरांपैकी एक कंपनीच्या बाजूने, एक विरुद्ध. वेड परवानगी देणार असं म्हणत होता आणि नेडीन देणार नाही असं. म्हणजे खोऱ्यातलं पाणी कुठे जाणार ते एका पानावर ठरणार होतं.

डिसेंबरातल्या त्या सकाळी कोर्टाच्या खोलीत बसायला जागा नव्हती. निवडणुकांचं काम बघणारी काउंटीची क्लार्क ऑर्लीन पिकेट हिने नवा कॅट आणला. गावातल्या एकुलत्या एका कसिनोचा मालक गस पापास याने तो पिसला आणि हिरव्या कापडावर पंख्यासारखा पसरला. नेडीनने पान ओढलं: बदामची नव्वी. मग वेड पुढे आला. डाव्या हाताने हॅट छातीशी धरून तो चर्चमध्ये उभं राहावं तसा उभा राहिला. त्याने पान ओढलं, आधी स्वतः पाहिलं, जरा वेळ पाहतच राहिला, आणि मग सगळ्यांना दाखवलं. किलवरची दुर्री. तिच्या खाली पानच नाही.

ती दोन पानं आठवण म्हणून कपाटात गेली, उरलेला कॅट ज्येष्ठांना भेट मिळाला. आणि आता त्याच कॅटमधून दुसरी किलवरची दुर्री निघाली होती. मिसेस ब्लँचर्डनी सगळी पानं रंगवार मांडून पाहिली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. इस्पिकचा राजा गायब होता.

२

मोठ्या कोर्टाचा जज महिन्यातून एकदाच गावात यायचा. त्याने फोन करून सांगितलं, की मी येईपर्यंत लोरेना एचेबेरीने चौकशी करून ठेवावी.

लोरेना ही गावच्या लहान कोर्टाची जज. कायदा ती शिकलेली नव्हती. तिथे हा जजही लोक मत देऊन निवडतात. बास्क मुलुखातून मेंढ्या राखायला आलेल्या तिच्या आजोबांनी एक खाणावळ काढली होती, ती लोरेनाने अर्धं आयुष्य चालवली. एकाच लांब टेबलावर सगळ्यांना बसवून मटणाचा रस्सा वाढताना, कोण कोणाशी बोलत नाही हे तिला आपोआप कळत गेलं. लोकांना वाटलं, भांडणं हिलाच सोडवू द्यावीत.

पण या भांडणाचं टोकच तिच्या हाती येत नव्हतं. पहिला माणूस दारात आला तो वेडचा थोरला भाऊ रॉइस. खाणीत राबून त्याची फुफ्फुसं गेली होती. जिना चढून आल्यावर बराच वेळ तो नुसता खुर्चीला धरून उभा राहिला.

"लोरेना, माझ्या भावाला लुबाडलंय," तो म्हणाला. "आपण एका वर्गात होतो म्हणून सांगतो, हे तू शोधून काढलं नाहीस, तर पदावरून हटवायला मी गावभर सह्या गोळा करीन. नेडीनच्याही विरुद्ध आणि तुझ्याही."

लोरेनाने त्याला पाणी दिलं आणि वेड का आला नाही, असं विचारलं.

"तो म्हणतो, जाऊ दे, हरलो ते हरलो. लहानपणापासून असाच आहे. कोणी ताटातलं उचललं तरी गप्प बसेल."

रॉइसची घाई तिला समजत होती. डॉक्टरांनी त्याला या उंचावरून खाली, मोठ्या हॉस्पिटलजवळ राहायला जा म्हणून बजावलं होतं. दोघा भावांची सामाईक रँच पाण्याच्या हक्कासकट घ्यायला कंपनी तयार होती, पण पाइपाला परवानगी मिळाली तरच. खुर्ची गेली की रॉइसचं जाणंही गेलं.

तो गेल्यावर खिडकीतून तिने खाली पाहिलं. चौकात लोकांचे दोन घोळके झाले होते. एकात वेडला मत दिलेले, दुसऱ्यात नेडीनला. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या गुरांना खुणेचा डाग द्यायला धावून जाणारी माणसं. पण आज एकाही घोळक्यातला माणूस दुसऱ्याकडे बघत नव्हता.

३

गस पापासला आपल्यावर संशय येणार हे ठाऊक होतं, आणि बहुतेक त्याला त्यात थोडी मजाही वाटत होती. कसिनोत अजून झाडलोट चालली होती. त्याने लोरेनासमोर एक कॅट घेतला, पिसला आणि वरची चार पानं उलटली. चारही एक्के.

"जजबाई, मी लबाडी केली असती, तर तुम्हाला दोन दुर्र्या सापडल्या असत्या का? निदान माझ्या धंद्याची अब्रू राखा."

लोरेनाने कबूल केलं, की ते खरं आहे. मग हे कोणी नवशिक्याने केलंय का, असं तिने विचारलं. गसने खांदे उडवले. कॅट हातात आला तेव्हा तो सीलबंद नव्हता, एवढं मात्र त्याने सांगितलं. ऑर्लीनने तो डब्यातून काढून दिला होता. वरचा कागद त्याने पाहिलाच नाही.

आणि ऑर्लीनने तर भर सभेत सांगितलं होतं, की कॅट कोरा करकरीत, आत्ताच फोडलाय.

ऑर्लीन पिकेट वीस वर्षं क्लार्क होती. तीही निवडून आलेली, आणि दर खेपेला बिनविरोध. लोरेनाने प्रश्न विचारताच तिचा चेहरा पडला. तिने दार लावलं आणि रडायलाच लागली. जोकर निघाला तर सगळी काउंटी आपल्याला हसेल, या धास्तीने तिने आदल्या संध्याकाळीच कॅट फोडून जोकर काढून टाकले होते. मग कॅट टेबलाच्या खणात ठेवला. खणाला कुलूप नव्हतं.

"मी खोटं बोलले, पण चोरी नाही केली," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ऑफिसात आणखी कोण आलं होतं, असं लोरेनाने विचारलं. ऑर्लीनने डोळे पुसले, उत्तर द्यावं की नाही याचा विचार केला, आणि मग हळूच म्हणाली, "नेडीन. काही कागदांवर सही करायला. मी मागच्या खोलीत शिक्का शोधायला गेले, तेवढा वेळ ती इथे एकटीच होती."

४

नेडीन बसच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. लोरेनाने सगळं सांगितलं तरी तिने हात थांबवला नाही. मी एकटी बसले होते हे खरं, म्हणाली, पण खणाला हात लावला नाही. साक्षीदार कोणी नाही. असता तर एकटी कशी म्हणायची?

मग खरवडणी थांबली.

"जजबाई, मला एवढंच सांगा. मी निवडून आलेय की नाही?"

"मला माहीत नाही," लोरेना म्हणाली. त्या दिवसांत तिला हेच एक वाक्य खरेपणाने बोलता येत होतं.

नेडीनने खिन्नपणे मान हलवली. मग निघता निघता तिने एक गोष्ट सांगितली. दुर्री निघाल्यावर वेड हात मिळवायला आला. ती म्हणाली, तुला वाईट वाटत असेल. तर तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, झऱ्यांकडे लक्ष दे.

"हरलेला माणूस असं कुठे बोलतो? मला वाटलं, खोचक बोलतोय. पण तोंडावर तसं काही नव्हतं. बरं वाटलेल्या माणसासारखा दिसत होता."

लोरेना घरी गेली ती आणखीच गोंधळून. नेडीनला संधी होती, हेतू होता आणि फायदाही तिचाच झाला. कुठल्याही शहाण्या माणसाने तिच्याकडेच बोट दाखवलं असतं. तरी तिच्या मनात काहीतरी बसत नव्हतं, पायात जोडा उलटा घातल्यासारखं.

तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर स्वतःचा कॅट घेतला. इस्पिकचा राजा काढून ठेवला. दुसऱ्या एका जुन्या कॅटमधली किलवरची दुर्री त्यात जादा मिसळली. पिसला, पसरला, आणि एक पान ओढलं. चौकटची सत्ती. पुन्हा पिसला. बदामची राणी. रस्सा चुलीवर आटून करपायला लागला, तरी ती पानं ओढत होती. दुर्री काही हाती लागेना.

आणि मग ती हात तसाच पुढे ठेवून थांबली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्ट उघडण्याआधी लोरेनाने ऑर्लीनला व्हरांड्यात बोलावलं आणि काचेचं कपाट उघडायला लावलं.

"कोणी नेडीनसाठी कॅटमध्ये लबाडी केली असती, तर काय केलं असतं?" तिने विचारलं. "मोठी पानं भरपूर काढली असती, हलकी घातली असती. एक राजा काढून एक दुर्री घालून काय होतं? ती दुर्री नेडीनच्याच वाट्याला आली असती तर? इतक्या पानांतून वेडने नेमकी तीच ओढावी, याचा भरवसा कोण देणार?"

ऑर्लीन म्हणाली, मग योगायोग असेल.

"म्हणजे जादाचं पान नेमकं तेच, निघालं तेही तेच, आणि तेच सगळ्या कॅटमध्ये सर्वांत हलकं. एवढे योगायोग मला झेपत नाहीत. ती दुर्री पंख्यात नव्हतीच, ऑर्लीन. पंख्यातून निघाला तो इस्पिकचा राजा. दुर्री बाहेरून आली."

तिने कपाटाकडे बोट केलं. बदामची नव्वी टाचणीखाली सपाट बसली होती. किलवरची दुर्री मात्र दोन्ही कडांनी वर आली होती, खापरीच्या तुकड्यासारखी. पंख्यातलं पान कधी असं वाकत नाही. असं वाकतं ते बरेच दिवस गोल वस्तूच्या आत, अंगाच्या उबेत दडवून ठेवलेलं पान. हॅटच्या आतल्या कातडी पट्टीत.

ऑर्लीनने वाकून दुर्री निरखली. गावच्या दुकानात एकाच छापाचे पत्ते मिळतात, हे तिला माहीत होतं. पान ओढल्यावर छातीशी धरलेल्या हॅटमागे नेऊन आधी स्वतः पाहणारा माणूस एकच होता, हेही तिला आता आठवलं.

"पण तो तर हरला," ती म्हणाली. "राजा हातात असून कोणी हरतं का?"

लोरेनाला ते वेडच्याच तोंडून ऐकायचं होतं. तिने गाडीची किल्ली घेतली.

६

टॉलिव्हरांची रँच गावापासून लांब, डोंगराच्या कुशीत होती. वेड गुरांना गवत टाकत होता. लोरेनाला पाहून त्याने गवत उचलायचा काटा बर्फात रोवला, तिचा चेहरा पाहिला आणि हॅट काढली. आतली पट्टी उलटली. इस्पिकचा राजा तिथेच होता, आता तोही तसाच वाकलेला.

"टाकवत नव्हता," तो म्हणाला. "दुर्री तयार ठेवूनही मी मनात म्हणत होतो, हलकं पान आलं तर लबाडी करावी लागणार नाही. आणि बघ काय आलं."

त्याने तिला घरामागच्या चढावर नेलं. त्यांच्या आजोबांनी दगडांनी बांधून काढलेला झरा तिथे होता. कंपनीने उन्हाळ्यात खाली एक विहीर खणून नुसती चाचणी म्हणून पाणी उपसलं, तेव्हापासून झरा आटला होता. दगडांच्या तळाशी वाळकी पानं आणि थोडा बर्फ, बाकी काही नाही. हे कळेपर्यंत निवडणूक तोंडावर आली होती आणि वेडने रॉइसला शब्द दिला होता: मी परवानगीला मत देईन, तू इथून सुटशील. भाऊ दिवसेंदिवस खोकत होता आणि त्या शब्दावर जगत होता.

तो शब्द मोडणं वेडच्याने होईना आणि पाळणंही होईना. निवडून येऊन राजीनामा दिला असता, तर गव्हर्नरने दुसऱ्याला नेमलं असतं, आणि तो माणूस कंपनीचाच निघाला असता. मग त्याला वाटलं, पत्त्यांत हरलो तर शब्द मोडलाही जाणार नाही आणि पाणीही राहील. रॉइसने नशिबाला शिव्या दिल्या असत्या, भावाला नाही.

"तुला समजतंय ना?" त्याने विचारलं.

"समजतंय. पण अर्ध्या काउंटीने तुला मत दिलं, वेड. त्यांनाही समजणार का? त्यातल्या कितीतरी जणांना ही परवानगी हवीय, कितीतरी जणांना नकोय, पण सगळ्यांना वाटलं होतं की तू त्यांच्या वतीने तिथे बसशील. ती मतं तुझी नव्हती. तू ती हॅटमध्ये लपवलीस."

वेड हातातली हॅट फिरवत राहिला. वाऱ्याने त्याचे विरळ केस उडत होते.

"आणि नेडीनला आता गावात चोर म्हणतात," लोरेना म्हणाली. "हे तुझ्या डोक्यात आलं होतं का?"

ते त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तो झऱ्याच्या दगडावर बसला. मग त्याने विचारलं, की हे रॉइसला कोणी सांगायचं. लोरेना म्हणाली, ते मला विचारू नकोस.

७

त्याने स्वतःच सांगितलं, तेही भर कोर्टात. मोठे जज येऊन बसले होते. पहिल्या रांगेत रॉइस होता. वेड उभा राहिला, राजा टेबलावर ठेवला, आणि काय केलं ते साध्या शब्दांत सांगितलं. का केलं, तेही सांगितलं. रॉइस भावाकडे न पाहता हातातल्या हातमोज्यांकडे पाहत राहिला.

जजही गोंधळले. फसवून जिंकणाऱ्याचं काय करायचं ते कायद्यात होतं. फसवून हरणारा कोणी निघेल, हे कायदा करणाऱ्यांना सुचलंच नव्हतं. शेवटी त्यांनी वेडला खडसावलं, दंड केला आणि पानं पुन्हा ओढायला सांगितलं. नेडीनची इच्छा विचारली. हातातली खुर्ची कोण सोडतं? पण तिने होकार दिला.

या वेळी हॅट बाहेरच्या खुंटीवर होती आणि दोघांच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. सील सगळ्यांसमोर फोडलं. नेडीनची दश्शी निघाली. वेडने पान ओढलं आणि न पाहताच उलटं केलं. चौकटचा गुलाम.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जिंकलेल्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. बाहेर पडताना नेडीनने लोरेनाला गाठलं.

"तो आमच्यासाठी हरला होता. तुम्ही त्याला जिंकवलंत. आता भावाकडे बघून तो हो म्हणाला तर?"

लोरेना म्हणाली, "तर माझं चुकलं असेल. मला खरंच माहीत नाही."

कमिशनच्या जानेवारीतल्या सभेला लोक भिंतीला टेकून उभे होते. मतदानाआधी ज्याला बोलायचं असेल त्याला बोलू देतात. पुष्कळ जण बोलले, कोणी पाण्यावर, कोणी पोटावर. सर्वांत शेवटी रॉइस उठला. माइकपर्यंत यायला त्याला वेळ लागला, आणि आल्यावर धाप थांबायला आणखी. सगळ्यांना वाटलं, आता हा भावाला शब्दाची आठवण देणार.

"मी नोव्हेंबरात माझं मत याला दिलं," तो म्हणाला. "पुढचं याने बघावं."

एवढंच बोलून तो जागेवर जाऊन बसला.

पहिला कमिशनर हो म्हणाला. दुसरा नाही म्हणाला. मग वेडचं नाव घेतलं गेलं. तो भावाकडे पाहत होता, आणि या वेळी भाऊही त्याच्याकडे पाहत होता.

"नाही," वेड म्हणाला.

खोलीत एकदम गलका उठला. काही जण ओरडले, काही रडले. नेडीन सुटल्यासारखी डोकं हातात धरून बसून राहिली. रॉइसने हातमोजे चढवले आणि गर्दीतून वाट काढत तो बाहेर गेला.

लोरेना व्हरांड्याच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. आपण न्याय केला की एका आजारी माणसाचा श्वास तोडला, ते तिला सांगता आलं नसतं. खाली आवारात टॉलिव्हरांचा जुना पिकअप उभा होता. दोघे भाऊ आले होते एकाच गाडीतून, आणि रँच लांब होती. रॉइस स्टिअरिंगमागे बसला होता. इंजिन चालू होतं, सायलेन्सरमधून वाफ निघत होती, पण गाडी हलत नव्हती.

बऱ्याच वेळाने वेड पायऱ्यांवर आला. गाडी पाहून तिथेच थबकला. पुढे जावं की चालत निघावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. मग रॉइस आतून वाकला आणि त्याने पलीकडचं दार ढकलून उघडलं.

वेड आत बसला. दोघेही समोर बघत होते. मग रॉइसने गाडीचा हीटर भावाच्या बाजूला वळवला आणि गाडी निघाली.